दिंडोरीची द्राक्षे, काटोलच्या नजरेने

माझ्या मामेबहिणीच्या सासरची मंडळी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील जुनी द्राक्षबागायतदार असून, राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणल्यानंतर काही वर्षांनी त्यांनी आपल्याच मळ्यात एक लहानशी वायनरी उभारली. आमचे मूळ घर काटोलचे, म्हणजे संत्र्याचे. त्यामुळे समृद्धी महामार्गाने नागपूरहून तिकडे गेलो की माझे लक्ष बाटल्यांपेक्षा बागेकडेच अधिक जाते.

संत्र्याच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि फुलायचे कधी, हे एका अर्थी आपणच ठरवतो. नाशिककर तेच काम कात्रीने करतात. युरोपात कडाक्याच्या थंडीत द्राक्षवेल पाने गाळून विश्रांती घेते. नाशिकच्या हवेत तिला तशी विश्रांती मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार करायची, पावसाळा भुरी आणि केवडा या रोगांपासून पाने राखण्यात घालवायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्या काडीवर घड आणायचे, असा तेथील क्रम आहे. परिणामी तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते आणि मणी पिकतात ते कोरड्या दिवसांत व गार रात्रींत. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या या रात्रीच मण्यातील आंबटपणा टिकवतात, आणि त्याविना वाइन निव्वळ मिळमिळीत होते.

मला पचायला जड गेले ते फळाचे आकारमान. थॉम्पसन या खाण्याच्या वाणाचे घड जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवून मणी फुगवतात, तर शेजारच्याच शिराझ या लाल वाइनच्या वाणाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. आमच्याकडे असे फळ नागपुरातील कळमन्याच्या बाजारात कोणी हातात धरणार नाही. परंतु लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. त्यामुळे जादा घड काढून टाकून उत्पन्न मुद्दाम कमी ठेवले जाते. साखरही 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) चढू देतात. खाण्याचे द्राक्ष त्याच्या कितीतरी आधी पेटीत गेलेले असते.

या घराचा भरवसा मात्र शेनिन ब्लाँवर आहे. मूळ फ्रान्समधील लुआर खोऱ्यातील हे पांढरे वाण उष्ण हवेतही आपला आंबटपणा सोडत नाही, आणि माझ्या मते सावजीच्या झणझणीत रश्श्यासमोर टिकणारी वाइन हीच, किंचित गोडसर आणि गार. सोव्हिन्यों ब्लाँ थोडे आहे. लाल वाइनचे काबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते आणि मार्चच्या उन्हात सापडते, म्हणून बहिणीच्या सासऱ्यांना ते फारसे मानवत नाही. थोरल्या दिरांना मात्र तेच वाढवायचे आहे. तूर्त निम्मी जमीन थॉम्पसनखालीच आहे, कारण त्या द्राक्षाचे पैसे हंगामातच हाती येतात आणि लाल वाइन पिंपात वर्षभर बसून राहते.