एलएलबी नसलेली माणसं आणि न्यायाची खुर्ची

माझी मावसबहीण मूळची अमळनेरची, लग्न होऊन लेस्टरला गेली आणि आता तिथे मॅजिस्ट्रेट आहे, हे सांगितलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला, तिने वकिली कधी केली भो? केलीच नाही. ती मेडिकल स्टोअरमध्ये नोकरी करते. इंग्लंडात फौजदारी केसेसपैकी ९० टक्क्यांहून जास्त मॅजिस्ट्रेट कोर्टातच निकाली निघतात आणि तिथे बसणारे बहुतेक जण असेच नोकरी-धंदावाले नाहीतर रिटायर झालेले, पगार शून्य, जाण्यायेण्याचा वगैरे खर्च मिळतो, वर्षाला निदान १३ दिवस द्यायचे. १३६१ च्या कायद्यापासून हे चालत आलंय, बायकांना मात्र १९१९ पर्यंत थांबावं लागलं. तिघं मिळून बसतात, कायदा काय म्हणतो ते सांगायला लीगल अ‍ॅडव्हायझर असतो, पण गुन्हा शाबीत झाला की नाही आणि शिक्षा काय द्यायची ते हे तिघंच ठरवतात.

मला सगळ्यात आवडलं ते निवडीचं. १८ ते ७४ वयाचा कोणीही स्वतः अर्ज करू शकतो, कोणाची शिफारस लागत नाही. अर्जाआधी कोर्टात जाऊन मागे बसून कामकाज बघायचं. मुलाखतीत कलमं विचारत नाहीत, माणूस शांतपणे ऐकून घेतो का, पूर्वग्रह बाजूला ठेवतो का, सोबतच्या दोघांचं मत वेगळं असलं तरी आपलं नीट मांडतो का, हे बघतात. पोलिसात असाल तर घेत नाहीत. मग ट्रेनिंग, आणि सुरुवातीला एक अनुभवी मॅजिस्ट्रेट सोबतीला.

आपल्याकडे विशेष कार्यकारी अधिकारी म्हटलं की दाखल्यावर सही-शिक्का एवढंच लोकांना माहीत. पण अठरा वर्षांखालच्या पोरांवरच्या गुन्ह्याच्या केसेस बघणारं बाल न्याय मंडळ? तिथे २०१५ च्या कायद्याने कायदा शिकलेल्या एका मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली निदान एक बाई असावीच लागते, आणि मतभेद झाला तर बहुमत चालतं. म्हणजे ते दोघं एका बाजूला असले तर त्यांचं मत मॅजिस्ट्रेटच्याही वर ठरतं! एवढा मोठा अधिकार कायद्याने साध्या माणसाच्या हातात दिलाय आणि जळगाव-धुळे-नंदुरबारात दहा जणांना विचारा, कोणाला पत्ता नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गल्लीतल्या एका पोराच्या केससाठी त्याच्या आईसोबत मी असं मंडळ बघितलंय. उंच कठडा नाही, पिंजरा नाही, साधं टेबल, सगळे एकाच पातळीवर खुर्चीत. पोरगं मान खाली घालून नखं कुरतडत होतं, मॅजिस्ट्रेट साहेबांच्या प्रश्नाला नुसतं हां-हूं. तेवढ्यात मेंबर बाईंनी विचारलं, "जेवना का रे तू सकायपासून?" पोराने मान वर केली, नाही म्हणाला, आणि मग हळूहळू बोलायला लागला, मोबाईल कोणी उचलायला लावला, विकायला कुठे नेला, सगळं. साहेब बदलीवर आलेले, ते भले होते, पण त्या घरातली गरिबी, बाप कपाशी वेचायला परजिल्ह्यात गेलेला, हे त्या बाईंना न सांगता कळत होतं.

मंडळाचा असा मेंबर व्हायची अट अशी की मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात निदान ७ वर्षं घातलेली हवीत, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेऊन त्याच क्षेत्रात प्रॅक्टिस हवी. नेमणुकीनंतर ६० दिवसांत ट्रेनिंग. आणि मिरवायला पद घेणाऱ्यांसाठी चांगली तरतूद आहे, वर्षातल्या पाऊण बैठकांना हजर राहिला नाही तर काढून टाकतात.

आता सांगा, आयुष्य आश्रमशाळेत घालवलेले किती गुरुजी आपल्या ओळखीत आहेत, अंगणवाडीच्या किती सुपरवायझर ताई आहेत? सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आदिवासी पोरांत काम केलेली माणसं तर हवीच हवीत. महिला व बालविकास खात्याची जाहिरात निघाली की ती त्यांच्यापर्यंत पोचवा, फॉर्म भरायला सोबत बसा. ओळखीवर भरलेल्या माणसापेक्षा अशी माणसं तिथे बसली पाहिजेत, आणि त्यासाठी आधी त्यांचा अर्ज तरी गेला पाहिजे ना.