प्रार्थनेत अडकलेलं एक वाक्य

मला प्रार्थना चांगली करता येते असं लोक म्हणायचे. प्रार्थनासभेत कोणी पुढे होत नसेल तर माझ्याकडे बघायचे आणि मी सुरू, "हे दयाळू, कृपाळू, स्वर्गीय पित्या…" आठ मिनिटं सहज. एकदा मधेच डोळे किलकिले करून बघितलं, कोणाकोणाच्या तोंडून आमेन येतंय ते, आणि मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण घरी एकटा असताना मला दोन मिनिटंही धड बोलता यायचं नाही, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो ना, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर, तेच करून बघितलं. दार लावल्यावर सगळी विशेषणं संपली. आता काय बोलायचं? मग शेवटी प्रभूची प्रार्थना घेतली, येशूने शिष्यांना शिकवलेली, लहानपणापासून पाठ असलेली, पण एका श्वासात न म्हणता एकेक ओळ थांबून. "आमची रोजची भाकर" पर्यंत ठीक होतं. पुढे "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" म्हणजे आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ केलंय, आणि तिथे अडकलो. सोडू असं नाहीये तिथे, सोडले आहे! आणि माझं सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद. म्हणजे इतकी वर्षं मी रोज देवासमोर सरळसरळ खोटं बोलत होतो, तेही पाठांतर करून.

त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, प्रभू, मी नाही सोडलेलं. सोडायची इच्छा पण नाहीये. बस, एवढीच प्रार्थना, आमेन म्हणायचं पण राहिलं.

नंतर वाटलं हे चाललं असेल का देवाला? पण बायबलमधली स्तोत्रं नीट वाचली तर काय काय बोललेत लोक! ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ पण नाही. आणि बायबलमधलीच हन्ना, मूल होत नाही म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करत होती, ओठ हलतायत पण आवाज नाही, तर एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीये (याजकालाच खरी प्रार्थना ओळखता आली नाही, हे मला फार आवडतं). लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला जकातदार, ज्याला लोक पापी समजायचे, तो तर वर बघत पण नाही, छाती बडवत एकच वाक्य बोलतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. त्याच गोष्टीत शेजारी प्रार्थना करणारा परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मात्र छान बोलला होता. माझ्यासारखाच.

आता सभेत मी शक्यतो गप्प बसतो, कोणी विचारलं तर घसा बसलाय म्हणतो, हे पण खोटंच म्हणा. घरी रोज त्या ओळीपाशी थांबतो. गेल्या आठवड्यात "इच्छा नाहीये" च्या ऐवजी तोंडातून "इच्छा दे" निघालं. भावाला फोन अजून केलेला नाही.