प्रतीत न मावलेल्या कडा

जुन्या अल्बममधल्या फोटोंवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो, पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक फोटो थोडाफार छाटलेला असतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असते, आणि सोलापुरात नवीपेठेतल्या स्टुडिओत रोल धुवायला टाकल्यावर आमच्या हातात यायच्या त्या पाच बाय साडेतीन इंचांच्या प्रती. या दोन आकारांचे प्रमाण जुळत नसल्यामुळे लांबीच्या दोन्ही टोकांच्या कडा प्रतीबाहेरच राहत. घरातल्या निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने उतरवून घेऊ लागल्यापासून मला मूळ फोटोंपेक्षा या कडांचेच वेड अधिक लागले आहे.

त्यासाठी साहित्य फारसे लागत नाही. एकास एक प्रमाणात टिपणारी मॅक्रो लेन्स, खाली तोंड करून स्टँडवर बसवलेला कॅमेरा, एलईडीचा एकसारखा पांढरा प्रकाश आणि निगेटिव्ह सपाट धरणारी पट्टी एवढ्यावर काम भागते. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत की नाही हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब पडद्यावर बरोबर मध्यभागी आले की जुळले म्हणायचे. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढाच सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्याची 6000 बाय 4000 पिक्सेलची चौकट प्रमाणाने अगदी निगेटिव्हसारखीच असल्याने येथे काही छाटावे लागत नाही. खरी परीक्षा पाहते ती आमच्या गावाची धूळ. ब्लोअरने फिल्म फुंकून घेतली तरी पंख्याच्या वाऱ्याने कण पुन्हा येऊन बसतात, म्हणून ऐन वैशाखात पंखा बंद करून, घाम फिल्मवर पडणार नाही अशा बेताने हे काम करावे लागते. शिवाय मी राहतो पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटाने जमीन इतकी थरथरते की एवढ्या जवळून टिपलेले चित्र हलल्याशिवाय राहत नाही; मागाला सुट्टी असेल तोच माझा कामाचा दिवस.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते. तिच्या कोऱ्या कडेवरून रंगांचा समतोल साधून मगच चित्राचे रंग उलटे करावे लागतात. सॉफ्टवेअर हे आपोआपही करते, पण त्याला आमचे ऊन माहीत नसल्याने चेहरे निळसर होतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या फोटोंना मात्र एक हुकमी आधार मिळाला: मिरवणुकीतल्या मंडळींच्या अंगातली पांढरीशुभ्र बाराबंदी. तिच्या उन्हातल्या घडीवरून पांढरा रंग ठरवला की बाकीचे रंग मुकाट्याने जागेवर येतात. त्याच रोलमध्ये काकांनी कॅमेरा उभा धरून घेतलेला नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, फोटो आहे. अल्बममधल्या प्रतीत त्याचा शेंडा कापला गेला आहे आणि घरातले सगळे आजवर त्याचा दोष काकांना देत आले. निगेटिव्हमध्ये शेंडा आहे, वर बोटभर आभाळही आहे.

आत्याच्या लग्नानंतरच्या एका फोटोच्या डाव्या कडेला कापड गिरणीच्या पाळीवरून परतणारा, हँडलला डबा अडकवलेला सायकलस्वार निघाला. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे झाली. मला तो डबा पाहून फार आनंद झाला. आत्याला फोटो पाठवला, तर तिचे उत्तर आले, "अरे, तो सायकलवाला काढून टाक, मला फ्रेम करायची आहे." शेवटी मी दोन फाइली केल्या. मूळ फाइल न छाटता ठेवायची आणि मागणाऱ्याला हवी तशी छाटून द्यायची, हा नियम तेव्हापासून पाळतो.

घाई करायला आणखी एक कारण आहे. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागली की तिच्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आक्रसते, वळते, आणि बंद डब्यात कोंडलेल्या त्या वाफेने कुजणे अधिकच वेगाने होते. आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत उन्हाळे काढलेली काही पाकिटे त्या अवस्थेला पोहोचली आहेत. त्यामुळे मी सध्या क्रम सालावरून लावत नाही, वासावरून लावतो. आंबट पाकिटे बाकीच्यांपासून वेगळी काढून आधी उतरवायची; काकांच्या स्लाइडचे रंग मुळातच सरळ असल्याने उलटे करावे लागत नसले तरी त्यांचा डबा दिवाळीपर्यंत थांबेल.