आवारातील धोकादायक झाडे : कोणती ठेवली आणि कोणते उतरवले

जुने घर आवारासह आमच्याकडे आले, तेव्हा तेथील झाडांबद्दल प्रत्येकाचे मत आधीच ठरलेले होते. रस्त्याच्या बाजूला कललेली उंच निलगिरी आधी तोडावी, याबद्दल घरात किंवा शेजारीपाजारी कोणाचेच दुमत नव्हते, आणि मागच्या कोपऱ्यातले वाळलेले झाड अजून उभे का ठेवले आहे, असे येणारा-जाणारा विचारत असे. गाड्या लावण्याच्या जागेवर सावली धरणाऱ्या गुलमोहोराबद्दल मात्र कोणी काही बोलत नव्हते, कारण तो हिरवागार होता आणि वेळच्या वेळी फुलत होता. काम संपले तेव्हा निलगिरी जागेवर होती, वाळलेल्या झाडाचे खोड उभे होते आणि मुळापर्यंत काढावा लागला होता तो गुलमोहोर.

पाहणीसाठी बोलावलेल्या वृक्षतज्ज्ञांनी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली. ‘हे झाड पडेल का’ एवढ्या एकाच प्रश्नावर धोका ठरत नाही. झाड किंवा फांदी तुटण्याचा संभव किती, तुटणारा भाग किती जड आणि तो जेथे पडेल तेथे कोण किंवा काय असते, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. मागचे वाळलेले झाड कधी ना कधी पडणार हे उघड होते. पण त्याच्या उंचीइतक्या अंतरात घर नव्हते, वाट नव्हती, कोणी बसत-उठतही नव्हते. उंची मोजायची साधी रीत त्यांनी तेथेच दाखवली. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर असेल तेवढीच काठी मुठीच्या वर ताठ धरायची आणि काठीचे वरचे टोक शेंड्याशी व मूठ बुंध्याशी जुळेपर्यंत मागे सरकत जायचे. ज्या ठिकाणी ती जुळते, तेथून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे साधारणपणे झाडाची उंची. जमीन सपाट असली तर एवढ्यावर काम भागते. मी आवारातील प्रत्येक मोठ्या झाडाभोवती त्या अंतराचे वर्तुळ नकाशावर काढले आणि त्यात काय काय येते ते लिहून ठेवले. निम्मी काळजी त्या नकाशानेच कमी केली, कारण एका झाडाखालचे बाक हलवले आणि एक पायवाट दुसरीकडून नेली की त्या झाडांना हात लावायचे कारणच उरत नव्हते.

प्रत्यक्ष पाहणी आधी लांबून आणि मग जवळून करायची असते. लांबून पर्णसंभार दिसतो : शेंड्याकडच्या डहाळ्या वाळत आहेत का, एका बाजूची पाने विरळ किंवा लहान झाली आहेत का, वर कोठे तुटलेली फांदी अडकून राहिली आहे का. यासाठी साधी दुर्बीण पुरते. जवळ गेल्यावर खोडावरच्या उभ्या भेगा, सुटलेली साल, ढोली, पाझरणारा द्रव आणि जुन्या छाटणीचे खुंट पाहायचे. तज्ज्ञांचा सर्वांत जास्त वेळ मात्र बुंध्याशी गेला. निरोगी मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीजवळ फाकत जाऊन मुळांत उतरतो. तो खांब रोवल्यासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, तर वर मातीचा भराव पडला आहे किंवा एखादे मूळ खोडालाच आवळते आहे, अशी शंका घ्यावी.

निलगिरीचा कल जुना होता. खोड खालच्या भागात झुकलेले असले, तरी वर जाता जाता त्याने वळण घेतले होते आणि शेंडा सरळ आकाशाकडे होता. असे झाड लहानपणीच कललेले असते आणि पुढची सारी वर्षे स्वतःला सावरत वाढलेले असते. रुंद पानांची झाडे कलाच्या वरच्या बाजूला ताण धरणारे विशेष लाकूड तयार करतात, तर सूचिपर्णी झाडे खालच्या बाजूला दाब सोसणारे लाकूड घालतात. भीती बाळगायची ती नव्या कलाची. त्यात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सारे झाड एका सरळ रेषेत झुकते, कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली जाते, तिला भेगा पडतात, आणि वादळी पावसानंतर असे दिसले तर पाहणीची वाट न बघता खालची जागा आधी मोकळी करावी लागते. निलगिरीच्या मागे माती घट्ट आणि अखंड होती. तरीही खात्रीसाठी आम्ही खोडाला ठरावीक उंचीवर दोरी बांधून ओळंबा सोडला आणि त्याचे टोक जेथे आले तेथे खुंटी ठोकली. मोठ्या वादळानंतर पुन्हा ओळंबा धरला की कल वाढला का, हे मतावर न राहता डोळ्यांना दिसते.

गुलमोहोराकडे आलो तेव्हा तज्ज्ञांनी बुंध्याला टेकवून ठेवलेल्या कुंड्या बाजूला करायला सांगितल्या. त्यांच्या मागे जमिनीलगत तळव्याएवढी, लाकडासारखी कडक बुरशी वाढलेली होती. वरून तपकिरी आणि चकचकीत, कडेला पांढरी किनार. ती गॅनोडर्मा जातीची होती. मुळे आणि बुंध्याचे लाकूड कुजवणारी ही बुरशी बाहेर दिसू लागते, तोवर आतली कूज बहुधा बरीच पुढे गेलेली असते. त्यांनी लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत फेरी मारली. एका बाजूला आवाज टणक येत होता आणि फरसबंदीच्या बाजूला तो बद्द आणि पोकळ झाला. त्याच बाजूने काही वर्षांपूर्वी सांडपाण्याची नळी टाकण्यासाठी चर खणला होता, हे मला जुन्या मालकांकडून नंतर कळले. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या विस्ताराच्याही बाहेर पसरतात, त्यामुळे बुंध्याजवळचा एक चर एका बाजूचा आधार जवळपास कापून टाकतो.

मग झाड हिरवे कसे, हा प्रश्न मी विचारलाच. पाणी वर नेण्याचे काम खोडाच्या बाहेरच्या बाजूचे तरुण लाकूड करते. गाभा कुजला तरी तो थर शाबूत असेपर्यंत पानांना पाणी मिळत राहते, फुले येत राहतात. झाडाचा टवटवीतपणा आणि त्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आवारातल्या झाडांकडे पाहताना आपण बहुतेकदा पहिलीवरूनच दुसरी ठरवतो.

कूज किती आत गेली आहे, हे पाहण्यासाठी त्यांनी बारीक सुईसारखे पाते खोडात शिरवणारे यंत्र वापरले. आत जाताना पात्याला होणारा विरोध कागदावर रेषेने उमटतो. टणक लाकडात रेषा वर राहते, कुजक्या भागात खाली पडते. जर्मनीतील क्लाउस मॅथेक यांनी पडलेल्या आणि उभ्या झाडांच्या मोजणीतून एक ढोबळ मर्यादा मांडली आहे : पोकळ खोडाच्या निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी झाली की मोडण्याचा संभव वाढतो. आमच्या झाडाचा व्यास ७० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३५, म्हणजे भिंत साधारण साडेदहा सेंटिमीटर तरी हवी. चराच्या बाजूला ती सहाच भरली. एकट्या या आकड्यावर झाड तोडायचे नसते, हे त्यांनी बजावून सांगितले, कारण पर्णसंभार लहान असेल तर तीच भिंत पुरते. पण येथे तुटलेली मुळे, बुंध्याची कूज, मोठा पसारा आणि खाली रोज माणसे व गाड्या, असे सगळेच एकत्र आले होते.

पोकळी सिमेंटने भरून झाड वाचवावे, असा सल्ला दोघांनी दिला होता. अमेरिकेच्या वनविभागात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७७ साली मांडलेला विचार यावर पुरेसा आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती अडथळ्यांच्या भिंती उभ्या करून कूज कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड घालत जाते. पोकळी साफ करताना याच भिंती खरवडल्या जातात, आणि सिमेंट झाडाबरोबर डोलत नाही. शेंडा सरसकट छाटून उंची कमी करण्याचा दुसरा उपाय मला त्याहून वाईट वाटतो. त्या छाटणीतून भसाभस फुटणारे कोंब वरवरच्या लाकडात धरलेले असतात आणि थोड्याच वर्षांत तेच जड होऊन तुटू लागतात.

शेजाऱ्यांच्या छपरावर झुकलेल्या दुबेळक्या झाडाचे तेवढे लवकर सुटले. त्याची दोन खोडे अरुंद कोनात जुळत होती आणि त्यांच्या मध्ये साल आत दाबली गेली होती, म्हणजे लाकडाला लाकूड मिळालेलेच नव्हते. मात्र तेथे भेग नव्हती. छपराकडच्या खोडाच्या टोकांचा भार छाटणीने कमी केला आणि बेळक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर दोन्ही खोडे पोलादी तारेने एकमेकांशी बांधली. अशी तार बांधली की तिची ठरावीक काळाने तपासणी ओघाने आलीच.

परवानगीसाठी तज्ज्ञांचा लेखी अहवाल, बुरशीची आणि बुंध्याची छायाचित्रे आणि तो नकाशा जोडला. स्वतःच्या आवारातले झाड असले तरी तोडण्यापूर्वी स्थानिक नियम पाहणे आणि फांद्यांत घरटी आहेत का हे तपासणे आवश्यक असते. शेजाऱ्यांनाही आधीच सांगितले होते.

तोडणाऱ्यांची निवड करताना त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, असे माझे मत झाले आहे. एक गृहस्थ फाटकातूनच वर पाहून आकडा सांगून मोकळे झाले. दुसऱ्यांनी विजेची तार कोणाची, फरशीखाली टाकी आहे का आणि आतली कूज किती उंचीपर्यंत आहे, हे आधी विचारले. अपघात-विम्याची कागदपत्रे न मागता दाखवली. आणि जी झाडे ठेवायची आहेत त्यांवर काटेरी बुटांनी चढणार नाही, कारण त्या काट्यांच्या प्रत्येक भोकातून नवी जखम होते, हेही सांगितले. काम त्यांना दिले.

कुजलेल्या झाडावर दोराने चढायचे नाही आणि त्यालाच कप्पी बांधून जड ओंडके लटकवायचे नाहीत, हा त्यांचा पहिला नियम होता. म्हणून माणसाला पाळण्यात उभे करून वर उचलणारे यंत्र आणले. वीजपुरवठा संबंधित कंपनीकडून बंद करून घेतला, कारण ओले लाकूड आणि भिजलेला दोर दोन्हीतून वीज वाहते. खालचे सगळे आवार दोरी लावून बंद केले आणि पाळण्यातला माणूस व जमिनीवरचा माणूस यांच्यात इशारे ठरले. करवत चालू असताना ओरडून काही ऐकू येत नाही. काम टोकाकडून खोडाकडे सरकले. जड फांदी तोडताना आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, असे केल्याने फांदी निसटताना साल खाली सोलत जात नाही. लहान तुकडे का, हे मला हिशेब केल्यावर पटले. अर्धा मीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे दोनशे किलो भरतो, आणि तो थोडा जरी घसरून दोरावर आदळला, तरी दोराला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो.

झाड एकसंध पाडण्याची वेळ फक्त कुंपणालगतच्या एका बारीक, वाळलेल्या झाडावर आली. पडायच्या दिशेला खाच, मागून काप, आणि दोहोंच्या मध्ये व्यासाच्या सुमारे एक-दशांश जाडीची पट्टी न कापता ठेवायची. झाड तिच्यावरच बिजागरीप्रमाणे वळत खाली येते. ती पट्टी पूर्ण कापली की दिशेवरचा ताबा जातो. बाकीची माणसे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, आणि करवत धरणाऱ्याने आपली पळवाट मागे तिरकी, आधीच मोकळी करून ठेवलेली. घरमालकाने यातले काय करावे, असे मला विचारले तर पाहणी, नकाशा आणि जमिनीवर उभे राहून हाताच्या करवतीने तुटणाऱ्या फांद्या, एवढेच सांगेन. शिडीवर उभे राहून यांत्रिक करवत चालवणे हे तर कोणीच करू नये.

गुलमोहोराचा शेवटचा ओंडका बुंध्याशी कापला, तेव्हा आतील चित्र कागदावरच्या रेषेशी जुळले. बाहेर टणक लाकडाचे असमान कडे, एका बाजूला चार बोटांहून कमी, आणि आत पांढरट, ओलसर, बोटांनी तुटणारा भुसा. मी मूठभर उचलून दाबला तर त्यातून पाणी आले.

बुंध्याचा खुंट ठेवला नाही. गॅनोडर्मा मुळांच्या संपर्कातून शेजारच्या झाडांना लागू शकते, म्हणून खुंट यंत्राने दळून काढला आणि तो भुसा आवारात आच्छादन म्हणून न वापरता बाहेर पाठवला. मागच्या वाळलेल्या झाडाच्या फांद्या उतरवून खोड चारेक मीटर उंचीवर ठेवले; त्याच्या ढोल्या पक्ष्यांच्या उपयोगी आहेत. गुलमोहोराच्या आडोशाला वाढलेली दोन झाडे आता प्रथमच उघड्या वाऱ्यात आली आहेत, आणि अशी झाडे मोठ्या वादळात उन्मळण्याची शक्यता असते, म्हणून त्यांनाही ओळंब्याच्या खुंट्या ठोकल्या. दळलेल्या खुंटाच्या जागी भरलेली माती अजून बसते आहे. ती पुरती बसेपर्यंत तेथे फरशी घालायची नाही, असे ठरवले आहे.