बॉर्डरलाइनच्या उपचारासाठी नागपूर: कुठं जायचं आणि कुठं पैसे द्यायचे नाहीत

रामदासपेठ असो की धंतोली, कोणी ‘पॅकेज’ म्हणून बारा सेशनचे पैसे आधी मागितले की उठायचं आणि खाली येऊन चहा प्यायचा. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढं पुरे. बाकीच्यांनी पुढं वाचा, कारण मी ज्या माहितीच्या भरवशावर निघाले होते ती निम्मी चुकीची निघाली, आणि ती देणारे सगळे आपलेच लोक होते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, वय सत्तावीस, सोबत आई. निघाले तेव्हा फाईलवर बायपोलर लिहिलेलं होतं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान नागपुरात झालं. बॉर्डरलाइन म्हणजे काय ते तुम्हाला ढोबळमानानं माहीत आहे असं धरते (नसेल तर लक्षणं पुढं दिली आहेत). एसटीत काही तास बसता येतं, रांगेत उभं राहता येतं, जुने कागद तारखेनुसार लावता येतात, हेही धरते. सोबत घ्या: आधार कार्ड, चिठ्ठ्या, चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा (संपलेल्या असल्या तरी), पाणी, चार्जर.

एक गोष्ट मात्र धरत नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर हा प्रवास आखत बसू नका. १४४१६ लावा. ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी हॉस्पिटलांची रात्रीही उघडी असते. घरचे पोलीस केसच्या धाकानं अडवत असतील तर त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच हा कायदा धरून चालतो. उलट सिद्ध झाल्याशिवाय खटला नाही, शिक्षा नाही.

आता रस्ता. आमच्या बाजूनं येणाऱ्यांना वर्धा वाटेतच लागतं. सावंगीला आणि सेवाग्रामला मेडिकल कॉलेजं आहेत, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. पहिली तपासणी तिथंच करून घ्या, नागपूर कुठं पळून जात नाही. मला हे कळलं तेव्हा गाडी सावंगीच्या पुढं निघून गेली होती. शेजारच्या मावशी आमचं बोलणं ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “सावंगीलेच उतरून दाखवाचं असते ना पोरी, तिथून थकली तर घरी तरी जाता येते.”

नागपुरात एसटी गणेशपेठला सोडते. कॉटन मार्केट मेट्रो स्टेशन तिथून जवळ आहे, पुढचंच स्टेशन सीताबर्डी, आणि दोन्ही मेट्रो लाइनी तिथंच भेटतात. ऑटोवाल्याशी घासाघीस करायची ताकद पुढच्या कामासाठी राखून ठेवा.

पुढचं काम म्हणजे आम्ही आधी गेलो ते खासगी सेंटर. नाव लिहीत नाही. मोबाईलवर ‘डीबीटी नागपूर’ (डीबीटी ही बॉर्डरलाइनवरची थेरपी, पुढं सांगते) टाकलं की सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातींतलं एक. मावसभावानंही तेच सुचवलं होतं, त्याच्या मित्राच्या बायकोला तिथं ‘फरक पडला’ म्हणून. एसी, लिफ्ट, काचेचा दरवाजा, रिसेप्शनवरच्या मुलीचा आवाज इतका गोड की आई लगेच विरघळली. ज्यांना भेटायचं होतं त्यांच्या नावामागं डॉक्टर लावलेलं. कशातले डॉक्टर, ते पाटीवर नव्हतं.

दहा मिनिटं बोलणं झालं आणि मला ब्रेन मॅपिंगला पाठवलं. ४,५०० रुपये. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल, आणि शेवटी लाल-निळ्या मेंदूचा रंगीत प्रिंट. त्यावर बोट ठेवून सांगितलं की पुढच्या भागात इम्बॅलन्स आहे, म्हणून तुम्हाला राग येतो. मग पॅकेज: बारा सेशन, डीबीटी, माइंडफुलनेस, फॅमिली गायडन्स, २२,००० रुपये, आजच भरलं तर सवलत. आईनं एफडी मोडायची तयारी केली आणि आम्ही पैसे भरले. जिना उतरताना मात्र म्हणाली, “टोपी घातली वो आपल्याले, खरोखरची.”

इथं नीट थांबते, कारण हा टप्पा प्रत्येकाला लागणार आहे. बॉर्डरलाइनचं निदान कोणत्याही मेंदूच्या नकाशावर, रक्ताच्या तपासणीवर किंवा एमआरआयवर होत नाही. निदान बोलण्यातून होतं. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात नऊ लक्षणं दिली आहेत: सोडून जातील याची भीती, टोकाला जाणारी नाती, ‘मी कोण’ याचा पत्ता नसणं, स्वतःचं नुकसान होईल असा उतावीळपणा, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे विचार, तासातासाला बदलणारा मूड, सततचा रितेपणा, न आवरणारा राग, आणि ताणात तात्पुरता येणारा संशय किंवा सुन्नपणा. यांतली पाच तरी असावी लागतात, तीही वर्षानुवर्षं आणि घर, नोकरी, मैत्री अशा बऱ्याच ठिकाणी दिसणारी. हे तपासायला माणूस लागतो, वेळ लागतो. थायरॉईड वगैरे बघायला रक्त तपासलं तर हरकत नाही, तो वेगळा विषय. रंगीत प्रिंटचे पैसे देऊ नका.

आणि डीबीटी. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभी केलेली. बॉर्डरलाइनवरचं त्यांचं मूळ पाठ्यपुस्तक १९९३ चं. त्या स्वतः तरुणपणी याच दुखण्यातून गेल्या होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. पूर्ण डीबीटीला चार पाय असतात: आठवड्याला एकट्याचं सेशन, आठवड्याला कौशल्यांचा ग्रुप, मधल्या दिवसांत अडचण आली तर थेरपिस्टला फोन, आणि थेरपिस्टांची आपापसांत सल्लामसलत. ग्रुपमध्ये चार गोष्टी शिकवतात: सजग राहणं, संकटाची वेळ आणखी वाईट न करता काढणं, भावना सांभाळणं, आणि माणसांशी बोलणं-मागणं-नाही म्हणणं. हे साधारण वर्षभर चालतं. त्या सेंटरमध्ये ग्रुपची खोली मला दाखवली, खुर्च्या होत्या, ग्रुप नव्हता. ‘पुढच्या महिन्यापासून’ असं काही आठवडे ऐकलं. मधल्या काळात रात्री फोन केला तर रिसेप्शनची मुलगी उचलायची. सेशनला इंग्रजी वर्कशीटच्या झेरॉक्स मिळायच्या, घरी भरून आणा म्हणून. आणि फॅमिली गायडन्स काय, तर आईला समोर बसवून, “तुम्ही हिचे लाड फार केले.” माझी आई शेतमजुरी करून मला शिकवणारी बाई. लाड!

भिंतीवरचं सर्टिफिकेट मी शेवटी जवळ जाऊन वाचलं. दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्कशॉपचं होतं.

म्हणून पैसे काढण्याआधी विचारा, आणि फोनवरच विचारा: तुमचा आरसीआय नंबर काय? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) रजिस्टरमध्ये लागते आणि ती ऑनलाइन तपासता येते. गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. ‘काउन्सेलर’, ‘लाइफ कोच’, ‘माइंड ट्रेनर’ कोणीही होऊ शकतो. मग विचारा, ग्रुप आत्ता चालू आहे का, कोणत्या वारी. सेशनच्या मध्ये त्रास झाला तर कोणाशी बोलायचं. पैसे दर सेशनला चालतील का. हे विचारल्यावर ज्याचा आवाज बदलतो तो आपल्या कामाचा नाही.

या सगळ्यानं दमून, पैसे संपवून मी सरकारी ओपीडीत गेले, आणि नागपुरातली माझी सगळ्यात चांगली सकाळ तीच निघाली. कोणतं हॉस्पिटल ते लिहीत नाही, रेसिडेंट डॉक्टर बदलत असतात आणि तुम्ही त्याच ताईंना शोधत बसाल. गर्दी होती, बाकडं मोडकं होतं, आमचा नंबर जेवणाच्या वेळेला लागला. पण त्यांनी आईला बाहेर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: “मूड बदलला की किती वेळ टिकतो?” मी म्हटलं, कधी दोन तास, कधी दुपारपासून रात्रीपर्यंत. कशानं बदलतो? कोणी फोन उचलला नाही की. त्यांनी पेन खाली ठेवलं. बायपोलरमध्ये मॅनिया, म्हणजे अति उत्साहाची पाळी, साधारण आठवडाभर तरी सलग राहतो, त्याची सौम्य पायरीही चार दिवस. झोप कमी लागली तरी माणूस ताजा असतो. तुमचं तसं दिसत नाही, म्हणाल्या. मग बराच वेळ लहानपणापासूनचं विचारलं, आईशीही वेगळं बोलल्या, सीनियर सरांना बोलावलं. फाईलवर एफ ६०.३ लिहिलं, हा बॉर्डरलाइनचा निदान-कोड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकून काहीतरी लिहिलं होतं. त्या दिवशी मी इतकी खूष होते की पुढचे सल्ले जरा गोड वाटले तर तेवढं वजा करून वाचा.

गोळ्यांबद्दल त्यांनी सरळ सांगितलं: बॉर्डरलाइनची अशी गोळी नाही. सोबत नैराश्य, चिंता, झोपेचा त्रास असेल तर त्यासाठी देतात. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या एनआयसीई संस्थेचा सल्लाही हाच आहे. पण हे वाचून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. माझ्या जुन्या गोळ्या त्यांनी हळूहळू उतरवल्या.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. मेयो रेल्वे स्टेशनजवळ, दोसर वैश्य चौक मेट्रोपासून सोपं. मेडिकलला गणेशपेठहून ऑटो बरा. एम्स मिहानमध्ये आहे, मेट्रो खापरीपर्यंत आणि मग पुढं वाहन बघा. ओआरएस या सरकारी ऑनलाइन नोंदणीच्या पोर्टलवर आधी अपॉइंटमेंट घ्या, नाहीतर दिवस जातो. प्रादेशिक मनोरुग्णालय मानकापूरच्या बाजूला. नातेवाईक नाव ऐकूनच पांढरे पडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तिथं ओपीडी आहे, दाखवून संध्याकाळी घरी जाता येतं, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. विमा असेल तर मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला हवा, तेही २०१७ च्याच कायद्यात आहे. आणि उपचारांच्या नोंदींची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे.

वाचायचं असेल तर ब्रिटनच्या एनएचएसचं (तिथली सरकारी आरोग्यसेवा) पान आधी. रील बघू नका, त्यात आपण सगळे खलनायक असतो. ओपीडीतल्या माझ्या डॉक्टर ताईंनी मला संशोधक झानारिनी यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं, मॅक्लीन हॉस्पिटलमधले २९० बॉर्डरलाइन रुग्ण, दहा वर्षं पाठपुरावा. ९३ टक्क्यांची लक्षणं निदान दोन वर्षं टिकून ओसरली. नोकरी-शिक्षण आणि नाती यांसकट सावरलेले मात्र निम्मेच. सांगताना लोक पहिला आकडा सांगतात, दुसरा गाळतात. मला दोन्ही हवे होते.

नियमित थेरपी मला शेवटी ऑनलाइन मिळाली, आरसीआय नोंद असलेल्या बाई, मराठीत, दर सेशनला पैसे. तिथपासूनचे महिने बरे चाललेत, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

सेंटरच्या पैशांचं: पावती होती म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. न झालेल्या सेशनचे पैसे बऱ्याच फोनाफोनीनंतर परत आले. टोपीचे आले नाहीत. पावती मागायला लाजू नका, ‘यूपीआयचा मेसेज आहे ना’ असं म्हणतात, तो पुरत नाही. त्यावर कशाचे पैसे ते लिहिलेलं नसतं.

घरून ऑनलाइन सेशन करणार असाल तर जागा आधी ठरवा. आमच्या घराच्या भिंती टिनाच्या, शेजारीण कान लावून. मी गच्चीवर बसते, शेजाऱ्यांच्या, त्यांना ‘ऑफिसची मीटिंग’ सांगून. नेटवर्क तिथंच येतं. पावसाळ्यासाठी दुसरी सोय बघून ठेवा, छत्रीत फोन धरून रडता येत नाही.