पॅड बदलल्यावर ब्रेक मऊ पडला आणि सगळे मास्टर सिलिंडरच्या मागे लागले

पुढचे ब्रेक पॅड बदलल्यावर पेडल मऊ लागत असेल आणि कोणी लगेच "मास्टर सिलिंडर गेला" म्हणत असेल (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांतून चाकांकडे ढकलणारा भाग तो मास्टर सिलिंडर), तर पैसे काढायच्या आधी एकच विचारा: कशावरून? शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी हाच प्रश्न विचारत राहिलो आणि शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची गाडी जुनी छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. (2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांचं एक वेगळं प्रकरण आहे, ते खाली सांगतो.) आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळनंतर रस्त्यावर विनालाइटचे ट्रॅक्टर, बंड्या असतात, तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) कधी उडी मारून समोर येईल सांगता येत नाही. आईला तपासणीसाठी नेहमी शहरात न्यावं लागतं. अशा रस्त्यावर "थोडा मऊ आहे, चालून जाईल" असं म्हणणं मला मान्य नाही.

पॅड तालुक्याच्या गॅरेजमध्ये बदलले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी ताब्यात घेतली आणि पहिल्याच वळणावर पाय दाबला, तर ओल्या कापसाच्या गंजीवर पाय दिल्यासारखं वाटलं. गाडी थांबत होती, पण पेडल अर्ध्याहून खाली जात होतं आणि तळाशी कडकपणा येतच नव्हता. गॅरेजवाल्यानं ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली (यालाच ब्लीडिंग म्हणतात), ब्रेक ऑइल भरलं. फरक शून्य. तो म्हणाला, "भाऊ, पॅड बसतीन अजून, चालवा." पॅड बसायला पहिले 200-300 किलोमीटर लागतात हे खरं आहे, पण त्या काळात ब्रेक कमी पकडतो. पेडल स्पंजी होणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून सर्व्हिस सेंटर गाठलं.

तिथे जॉब कार्ड झालं, चहा मिळाला, गाडी आत गेली आणि मी काचेच्या अलीकडे बसलो. आत जायला मनाई. बऱ्याच वेळानं ॲडव्हायझर आला: "सर, एअर होती, ब्लीडिंग केलं, ओके आहे." गाडी गेटबाहेर काढली, पेडल तसंच. परत आत. पुन्हा चहा. या वेळी म्हणे ऑइल जुनं आहे, पूर्ण बदलावं लागेल. बदला म्हटलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, हे मला माहीत होतं. डॉट 3 प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान 205 अंश सेल्सियस असतो, ओलावा मुरल्यावर तो 140 पर्यंत येऊ शकतो; डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाटात सतत ब्रेक लावून ऑइल उकळलं, वाफ झाली, की पेडल खाली जातं. पण माझं पेडल सकाळी थंड गाडीत, अंगणात उभ्या उभ्याच मऊ होतं. उकळण्याचा प्रश्नच नव्हता. हे मी सांगितलं. ऐकणारा मान हलवत होता आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टाइप करत होता.

ऑइल बदलूनही फरक नाही म्हटल्यावर निदान आलं: मास्टर सिलिंडर. पार्ट नागपूरहून येईल, ॲडव्हान्स भरा, तोपर्यंत गाडी ठेवून जा. मी विचारलं, कशावरून? "सर, ब्लीडिंग झालं, ऑइल झालं, मग हाच राहतो."

हे निदान नाही, ही उरलेल्या गोष्टींची यादी आहे, आणि तीही अपुरी. मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले असतील तर त्याची स्वतःची खूण असते. इंजिन चालू ठेवायचं, पेडल मध्यम जोरानं दाबून धरायचं आणि मिनिटभर पाय हलवायचा नाही. सील गळत असतील तर पेडल पायाखाली हळूहळू खाली सरकत जातं. मी पार्किंगमध्ये त्यांच्या माणसाला शेजारी बसवून हे करून दाखवलं. पेडल मऊ होतं, पण जिथे थांबलं तिथेच राहिलं, तसूभर खाली गेलं नाही. जॉब कार्डवर हे लिहा म्हटलं. लिहिलं नाही. वर्कशॉप मॅनेजरला भेटायचं म्हटलं, तर ते रोड टेस्टला गेले होते, मग जेवायला, मग मीटिंगमध्ये. त्या काचेच्या खोलीत माझ्यासारखे आणखी लोक बसले होते, कुणी आर्णीहून, कुणी दिग्रसहून, सगळे शेवटच्या एसटीच्या वेळेवर डोळा ठेवून. गाडी अडवून ठेवली की खेड्यातला माणूस संध्याकाळ होता होता हो म्हणतो, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक असावं. मी हो म्हटलं नाही. झालेल्या कामाचे पैसे भरले आणि गाडी हळूहळू चालवत परत आणली.

(पेडल पाहताना एक घोटाळा हमखास होतो. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा दाबलं की पेडल दगड होतं, आणि पाय ठेवून इंजिन सुरू केलं की ते थोडं खाली बसतं. तो बूस्टर (इंजिनच्या मदतीनं पायाचा जोर वाढवणारा भाग) बरोबर चालतोय याचा पुरावा आहे, बिघाड नाही. काही जण यालाच मऊपणा समजतात.)

निदान झालं ते रस्त्याकडेच्या टपरीवजा गॅरेजात. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचाच म्हणतात. मी सगळा इतिहास सांगितला. त्यांनी पहिले पेडल स्वतः पायानं पाहिलं. भरभर तीन-चारदा दाबलं तर ते वर येतं का, हे बघितलं. वर येत नव्हतं. मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ढिले असते तर पंप केल्यावर पेडल उंच आलं असतं, म्हणजे मागचं ॲडजस्टमेंट हे कारण नाही. मग म्हणाले, "मास्टर कायले बदलता बाबू? पहिले मले पाइप दाबून पाहू द्या."

चाकांकडे जाणारे रबरी होज पाइप त्यांनी गोल दांड्याच्या क्लॅम्पनं दाबून बंद केले. सगळे बंद. मला म्हणाले, दाब. पेडल वरच्या वर, एकदम कडक. म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक, आणि तिथून होजपर्यंतच्या लोखंडी लाइनमध्ये हवाही नाही. ज्या गोष्टीसाठी माझी गाडी अडकवून ठेवणार होते, तिचा निकाल चहा थंड व्हायच्या आत लागला. मला तेव्हा जो आनंद झाला तो पैसे वाचल्याचा नव्हता. दिवसभर जे मी सांगत होतो ते खरं निघालं होतं.

मग एकेक क्लॅम्प सोडत गेले. मागचे सोडले, कडक. पुढचा उजवा सोडला, कडक. डावा सोडला आणि पेडल भसकन खाली.

डावं चाक उतरवलं. पॅडचे दोन कान ज्या खाचेत बसतात, तिथल्या पत्तीखाली गंज आणि वाळून दगड झालेली काळी माती भरलेली होती. नवा पॅड त्यात ठोकून बसवलेला. आतला पॅड एका कानाला अडकून तिरका झाला होता. पेडल दाबलं की तो वाकून डिस्कला टेकायचा, सोडलं की परत तिरका. ऑइलचा दाब त्याला सरळ करण्यातच खर्ची पडत होता. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची खालची गाइड पिनही (ज्यावर कॅलिपर सरकतो ती) कोरडी पडून जाम झाली होती. हवा कितीही काढा, हे कसं सुटणार?

चाचांनी पत्त्या काढल्या, खाचा तारेच्या ब्रशनं आणि कानशीनं साफ केल्या, पॅड हातानं सहज सरकतो का पाहिलं. पिना काढून पुसल्या आणि ब्रेकचं ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, त्यानं रबरी बूट फुगतात. उजव्या बाजूलाही तेच करून घेतलं. पेडल वर आलं, घट्ट.

आता जे आठवतंय ते. क्लॅम्पची परीक्षा तडे गेलेल्या होजवर करू नका, होज आतून फाटू शकतो. आधी वाकवून बघा. पक्कड थेट रबरावर लावू नका. पॅड बदलताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचंच, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय थेट तळाला जाईल. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सिलिंडरचा जो भाग कधी वापरलाच गेलेला नाही तिथे गंज असतो, आणि पेडल तळापर्यंत नेलं की चांगले सील त्यावर घासून फाटतात. म्हणजे चांगला मास्टर सिलिंडर ब्लीडिंग करतानाच खराब होऊ शकतो. एबीएसवाल्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये (एबीएसचा ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) अडकली असेल तर बऱ्याचदा स्कॅनर लावून काढावी लागते. टपरीवर ते होणार नाही.

आणि सर्व्हिस सेंटरमधून निघताना मी एक गोष्ट मागितली होती: मास्टर सिलिंडर खराब असल्याचं कारण एस्टिमेटवर लिहून सही करून द्या. तोंडानं इतक्या खात्रीनं सांगणारा ॲडव्हायझर ती एक ओळ लिहायला तयार झाला नाही. तुम्हाला कोणताही पार्ट बदलायला सांगितला तर तेवढी ओळ मागाच, आणि बदललाच तर जुना पार्ट डिकीत टाकून घरी घेऊन या.