पालथं क्रेट

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळी पावणेसातला शरणपूर रोडवरून निघाले आणि म्हसरूळ ओलांडेपर्यंत चांगलं उजाडलं. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी रस्त्याला पहाटेपासून वर्दळ असते. रिकामी क्रेट घेऊन निघालेल्या पिकअप, ट्रॅक्टर, मजुरांनी खच्चून भरलेल्या जीपा. माझं काम पॅकेजिंगचं. द्राक्षांच्या खोक्यांवरची छपाई, पनेटवरची, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यांवरची लेबलं, शेतकरी कंपन्यांचे लोगो. उपयोजित कला शिकत होते तेव्हा डिझाइन म्हणजे कागदावर किंवा पुठ्ठ्यावर मावेल तेवढंच, अशी आमची समजूत होती.

दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसच्या, म्हणजे द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या जागेच्या मालकांनी फोनवर काम नेमकं सांगितलं होतं. "ताई, लेबलवरचा प्लॉट नंबर ठळक करा, वाटल्यास दोन रंगांत करा. बायकांच्या लक्षातच येत नाहीये." आदल्या आठवड्यात एका प्लॉटचं लेबल लावलेल्या काही खोक्यांत दुसऱ्याच प्लॉटचा माल निघाला होता. कंटेनर भरायच्या आधी चूक सापडली, पण अख्खा लॉट उघडून पाहावा लागला.

बाहेरच्या माणसाला ही चूक बारीक वाटेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रत्येक प्लॉट, म्हणजे बागेचा तुकडा, अपेडा या सरकारी कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदलेला असतो, औषधांच्या अंशाची तपासणी प्लॉटवार होते, आणि खोक्यावरच्या नंबरावरून थेट त्या बागेपर्यंत माग काढता आला पाहिजे अशी अट असते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तो हंगाम आमच्याकडच्या बागायतदारांना अजून आठवतो. त्यामुळे नंबर चुकला तर एखाद्याच्या वर्षभराच्या कष्टाला दुसऱ्याचंच नाव लागतं.

लेबल मोठं करणं सोपं होतं. दोन तासांत नमुना पाठवता आला असता. पण लेबल चिकटतं ती जागा मी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून म्हटलं, एक पूर्ण दिवस टेबलाशी उभी राहते.

आत शिरताना केसांना जाळी, अंगात ॲप्रन. हॉल इतका गार, की तासाभरात बोटं आखडली. चार लांब टेबलं, प्रत्येकावर दोन्ही बाजूंना बायका. घड देठाला धरून उचलायचा, बारीक टोकाच्या कात्रीने तडकलेले, बारके, डागी मणी काढायचे, मण्यांवरची पांढरी झाक पुसू द्यायची नाही, पाचशे ग्रॅमचं पनेट वजनकाट्यावर बरोबर बसवायचं. एखादा घड जास्त भरला तर नेमका किती मण्यांचा झुबका कापायचा, हे त्यांच्या हाताला काट्याआधी कळतं. बहुतेक जणी पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. आपसात तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली, माझ्याशी मराठी.

लेबलाचा रोल मात्र टेबलांवर नव्हता. तो हॉलच्या टोकाला, खोकी बंद करणाऱ्या मुलाकडे. एका प्लॉटचा माल संपला की सुपरवायझर ओरडून सांगणार आणि तो मुलगा रोल बदलणार. म्हणजे लेबल एका क्षणी बदलतं, पण चार टेबलं एका क्षणी संपत नाहीत. पहिल्या टेबलाचा हात जलद, तिथे नव्या प्लॉटची क्रेट आलेली असतात, आणि चौथ्या टेबलावर जुन्याची सहा-सात शिल्लक. त्या दहा-पंधरा मिनिटांत जे खोकं भरतं ते कुणाचं? नंबर हाताएवढा ठळक छापला असता तरी या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं.

मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यामागे सगळा प्रवास काढायला बसले: क्रेट उतरलं, वजन, टेबल, पनेट, खोकं आणि शेवटी प्रीकूलिंग, म्हणजे माल झटकन गार करणं. १९८४ साली लिन शोस्टॅक या बँकेतल्या अधिकारी बाईंनी रस्त्यावरच्या बूटपॉलिशचा असा नकाशा मांडला होता. ब्रश, पॉलिश, फडकं, पैसे, प्रत्येक पायरीला किती वेळ, आणि मधे एक रेघ. रेघेखालचं गिऱ्हाइकाला दिसत नाही. वस्तूसारखीच सेवाही आखता येते, हे इतक्या साध्या उदाहरणाने कुणी समजावलेलं मला माहीत नाही. माझ्या पुठ्ठ्यावर मात्र एक गोष्ट बसत नव्हती. चूक चारही टेबलांवर व्हायला हवी होती. पण मालकांच्या वहीतल्या नोंदी पाहिल्या, तर तिसऱ्या टेबलाचं एकही खोकं चुकलेलं नव्हतं.

तिथे टोकाला पन्नाशीच्या एक मावशी उभ्या होत्या. दुपारी प्लॉट बदलला तेव्हा त्यांनी एक रिकामं क्रेट उचललं आणि जुन्या-नव्या मालाच्या मधे पालथं घातलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या ओळीतल्या बायका त्या क्रेटपर्यंत आल्या की थांबत, आपली खोकी पुढे सरकवत, मगच पलीकडच्या मालाला हात घालत. पाच मिनिटांत सुपरवायझर आला आणि ते क्रेट पायाने सरकवून घेऊन गेला. मावशींनी दुसरं आणून ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसले. "मावशी, ते पालथं क्रेट कशाला?"

"दोघा भावांचा भात एकाच खळ्यावर झोडतो ना आम्ही. मधी पाटी पालथी घालायची. म्हणजे याचा दाणा त्याच्यात जात नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "हितं सांगायचं कुणाला? रोज उचलून नेतात."

मला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा १९५८ चा अहवाल आठवला. भारतात डिझाइनचं शिक्षण कसं असावं हे सांगताना त्यांनी लोट्याचं उदाहरण घेतलं होतं: कुणा एकाने न घडवलेला, पिढ्यांच्या हातांनी आकाराला आलेला. कॉलेजात आम्ही तो उतारा पाठ केला होता. त्या दुपारी त्याचा अर्थ माझ्या समोर बसून नागलीची भाकरी खात होता.

सुपरवायझरशी बोलले तेव्हा कळलं की त्याचंही चुकीचं नव्हतं. क्रेट जमिनीला टेकलेलं तपासणीत चालत नाही. म्हणून क्रेटखाली पॅलेट, म्हणजे माल ठेवायची फळ्यांची बैठक आली. बाकीच्या क्रेटमध्ये मिसळू नये म्हणून ते पिवळं ठरवलं. आणि मग संध्याकाळी चारच्या सुमाराला, तिघांच्या बोलण्यातून, कळीची गोष्ट निघाली: पुढच्या प्लॉटचा लेबल रोल त्या पालथ्या क्रेटच्या खालीच ठेवायचा. नवा माल घ्यायचा तर पिवळं क्रेट उचलावंच लागणार, आणि उचललं की नवं लेबल हातात. एका मोठ्या रोलऐवजी चार छोटे, प्रत्येक टेबलाला आपापला. ओरडायची गरजच नाही.

लेबलाचं माझं डिझाइन जसंच्या तसं राहिलं. एक अक्षरही वाढलं नाही.

पुढे बिल करताना याचीच अडचण झाली. "काय डिझाइन केलं" त्या रकान्यात काय लिहू? डिझाइनचे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ब्युकॅनन यांनी १९९२ साली डिझाइनची चार क्षेत्रं सांगितली होती: चिन्हं, वस्तू, कृती आणि या सगळ्यांना सामावणारी व्यवस्था. लेबल पहिल्यात, क्रेट दुसऱ्यात, ते उचलायचा क्रम तिसऱ्यात, आणि प्लॉटपासून परदेशातल्या दुकानापर्यंतचा माग चौथ्यात. माझं एक मंगळवारचं काम चारही ठिकाणी पसरलं होतं. हल्ली तरुण मुलं विचारतात, यूएक्स, म्हणजे ॲप-वेबसाइटचं डिझाइन, करू की सर्व्हिस डिझाइन की ग्राफिक? मला वाटतं, नावं कामावर नंतर चिकटतात, आधी अडचण कुठवर गेलीय ते चालत जाऊन बघावं लागतं. मी रकान्यात लिहिलं, "प्लॉट बदलण्याची पद्धत: पाहणी, आखणी व चाचणी." मालकांचा फोन आला, "छापलं तर काहीच नाही ना ताई?" मी त्यांना दोन आठवड्यांची वही बघायला सांगितली. बिल पूर्ण मिळालं. त्या पद्धतीच्या कागदावर मावशींचं नाव आधी लिहायचं, ही माझी अट त्यांनी मान्य केली. मावशींच्या मजुरीत वाढ करा म्हटलं, त्यावर अजून "बघू" एवढंच उत्तर आहे. मी विचारणं सोडलेलं नाही.

आठ दिवसांनी नव्या पद्धतीचा फलक घेऊन पुन्हा गेले. अक्षर एकही नव्हतं, फक्त चित्रं: पिवळं क्रेट, ते उचलणारा हात, खाली रोल. मावशींनी फलक हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"एका हातानं कसं उचलंल? क्रेटला दोन हात लागतात."

तिथेच टेबलाच्या कडेला बसून मी दुसरा हात काढला.